डेटा येण्याआधी ठरवायच्या गोष्टी

‘अभ्यास पूर्ण झाल्यावर तुमची सर्व माहिती नष्ट केली जाईल.’ संशोधनात भाग घेणाऱ्यांच्या जुन्या संमतीपत्रावरून नवं करताना हे वाक्य जसंच्या तसं उतरतं. वाचायला ते सहभागींच्या हिताचं वाटतं. मग तीन वर्षांनी नियतकालिक मूळ डेटा सार्वजनिक भांडारात ठेवायला सांगतं आणि या एका ओळीनं हात बांधले जातात. शेकडो लोकांना पुन्हा शोधून नवी संमती घेणं जवळपास अशक्य असतं. ‘ओळख पुसलेली माहिती इतर संशोधकांना अभ्यासासाठी देता येईल’ असं लिहून त्यापुढे वेगळा होकार-नकार आधीच घेतला असता, तर अर्ध्या मिनिटाचं काम होतं.

वेळ टळल्यावर जे निर्णय घेताच येत नाहीत, ते लिहून ठेवलेली दोन-तीन पानं म्हणजे डेटा व्यवस्थापन आराखडा. कोणता डेटा, किती, कुठे राहणार, फाइलींना नावं कशी द्यायची, कोणाला पाहता येणार, प्रकल्प संपल्यावर तो कुठे जाणार आणि यातलं काय कोणाच्या अंगावर. संशोधनाला निधी देणाऱ्या अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशननं जानेवारी 2011 पासून प्रस्तावासोबत असा आराखडा मागायला सुरुवात केली, तोही दोन पानांच्या मर्यादेत. त्यामुळे बऱ्याच विद्यापीठांत हे काम ‘निधी देणारे मागतात म्हणून’ सुरू होतं.

खरी गरज संशोधकाचीच असते. 2 ते 22 वर्षं जुन्या 516 शोधनिबंधांमागचा डेटा मागून पाहणारा एक अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. डेटा शाबूत असण्याचं नसण्याशी प्रमाण निबंधाच्या वयाच्या दर वर्षामागे 17 टक्क्यांनी घटत होतं. बाकी कोणी काही विध्वंस केला नव्हता. ईमेल पत्ते बंद पडले होते आणि डेटा ज्या डिस्कवर होता ती वाचणारी यंत्रं उरली नव्हती.

आराखड्यात ‘डेटा बराच असेल’ हे उत्तर चालत नाही, हिशेब मांडावा लागतो. समजा, सूक्ष्मदर्शकाचा कॅमेरा 2048 गुणिले 2048 पिक्सेलचा, 16 बिटचा, म्हणजे दर पिक्सेलला 2 बाइट घेणारा आहे. एक चित्र सुमारे 8.4 मेगाबाइटचं झालं. दर 5 मिनिटांनी एक, असं 24 तास चित्रण केलं तर 288 वेळा. तीन रंग आणि दहा जागा धरल्या की 8,640 चित्रं, म्हणजे एका प्रयोगाचे 72 गिगाबाइट. असे 40 प्रयोग केले तर 2.9 टेराबाइट, आणि तीन प्रती ठेवायच्या म्हटल्या तर 8.7. प्रक्रिया केलेल्या फाइली अजून धरलेल्याच नाहीत. हा आकडा अंदाजपत्रकात आधी गेला नाही, तर साठवणीचे पैसे मागायला पुढे जागा उरत नाही आणि डेटा कोणाच्या तरी टेबलाच्या खणातल्या हार्ड डिस्कवर जातो.

तीन प्रती कशाला? तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत, हा जुना आणि अजूनही उत्तम नियम आहे. डिसेंबर 2021 मध्ये क्योतो विद्यापीठाच्या महासंगणकावरून सुमारे 77 टेराबाइट डेटा पुसला गेला आणि 14 संशोधन गटांना फटका बसला. बॅकअप यंत्रणेत जुन्या लॉग फाइली (यंत्रणेच्या कामाच्या नोंदी) पुसणारी एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, होती. ती चालू असतानाच तिच्यावर नवी आवृत्ती चढवली गेली. नवी स्क्रिप्ट मधूनच वाचली गेल्यामुळे फोल्डरचं नाव धरणारा चल (व्हेरिएबल) रिकामा राहिला, आणि लॉगऐवजी संशोधकांच्या फाइली पुसल्या गेल्या. म्हणून एक प्रत अशी हवी, जिच्यापर्यंत त्याच यंत्रणेचा हात पोचत नाही. आपोआप जुळवून घेणारं क्लाउड फोल्डर ही जागा भरू शकत नाही, कारण इथे पुसलेली फाइल तिथेही पुसली जाते. आणि दर तीन महिन्यांनी बॅकअपमधून एखादी फाइल खरोखर परत आणून उघडून पाहावी. न तपासलेल्या बॅकअपवर विसंबू नये.

फाइलींच्या नावांबाबत आम्ही एकाच गोष्टीचा आग्रह धरतो: तारीख वर्ष-महिना-दिवस अशी लिहा. 03-04-2025 म्हणजे 3 एप्रिल की 4 मार्च, हे दोन वर्षांनी लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही. 2025-04-03 लिहिलं की शंका राहत नाही आणि फाइली आपसूक कालक्रमानं लागतात.

तक्त्यांमधले घोटाळे जास्त छुपे असतात. ‘मार्च1’ आणि ‘सेप्ट2’ ही जनुकांची नावं एक्सेल तारखा समजून बदलून टाकतं. एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी साधारण पाचव्या हिश्श्यात अशा चुका असल्याचं 2016 च्या पाहणीत आढळलं. शेवटी 2020 मध्ये नामकरण समितीनं जनुकांचीच नावं बदलली, ‘मार्च1’चं ‘मार्चएफ1’ झालं. कच्चा डेटा सीएसव्ही स्वरूपात (स्वल्पविरामांनी स्तंभ वेगळे केलेली साधी मजकूर फाइल), फक्त वाचता येईल असा कुलूपबंद ठेवावा आणि काम त्याच्या प्रतीवर करावं. सोबत एक साधी मजकूर फाइल हवी: प्रत्येक स्तंभाचा अर्थ, एकक, आणि न मिळालेली नोंद कशी दाखवली आहे ते. कोणी ती रिकामी सोडतो, कोणी 0 घालतो, कोणी -99. तपमानाच्या स्तंभात दोन-चार -99 राहिले की सरासरी घसरते आणि चूक कुठे आहे ते कळत नाही.

माणसांचा डेटा असेल तर नाव काढलं म्हणजे ओळख गेली असं होत नाही. पाच अंकी पोस्टल कोड, जन्मतारीख आणि लिंग एवढ्यावरून अमेरिकेतले सुमारे 87 टक्के लोक एकमेव ठरू शकतात, असं संगणकशास्त्रज्ञ लतान्या स्वीनी यांनी 1990 च्या जनगणनेवरून दाखवलं होतं. जन्मतारखेऐवजी वयोगट, गावाऐवजी जिल्हा, आणि कोणता क्रमांक कोणाचा हे सांगणारी नाव-क्रमांकांची यादी वेगळ्या जागी, वेगळ्या पासवर्डखाली ठेवावी.

विद्यापीठात हे रुजवताना पहिल्याच दिवशी सर्वांना सक्ती केली, तर जुन्या आराखड्यांवरून नकला होतात. वेगवेगळ्या स्वभावाचे तीन-चार विभाग घ्यावेत: एक प्रयोगशाळेचा, एक सर्वेक्षणांचा, एक हस्तलिखितं किंवा ध्वनिमुद्रणांचा. वर्णन आणि भांडारांची जाण ग्रंथालयाकडे असते, जागा संगणक केंद्राकडे, संमतीपत्रं नीती समितीकडे (एथिक्स कमिटी). हे तिघं एका टेबलाशी बसले नाहीत, तर संशोधकाला तीन परस्परविरोधी उत्तरं मिळतात. नीती समितीनं संमतीपत्र तपासताना आराखडा शेजारी ठेवला, तरी सुरुवातीला सांगितलेली अडचण तिथेच पकडली जाते. आराखडा दरवर्षी, आणि उपकरण किंवा माणूस बदलला की लगेच, पुन्हा उघडावा.

सर्वांत दुर्लक्षित टप्पा म्हणजे संशोधक विद्यार्थी जाण्याचा दिवस. नाहरकत दाखल्यावर सही करण्याआधी गटातल्या दुसऱ्या कोणीतरी, दुसऱ्या संगणकावर, फक्त त्या मजकूर फाइलीच्या आधारे प्रबंधातला एक आलेख पुन्हा काढून पाहावा. बहुधा एक दुपार जाते. आलेख निघाला नाही, तर विचारायला माणूस अजून समोर असतो.