बळीचा दाखला आणि शांतीची चिठ्ठी: २५० सालच्या छळातले दोन कागद

रोमन सम्राट डेशियसच्या काळातल्या ख्रिस्ती छळाविषयी वाचताना ‘लिबेलस’ नावाचा कागद वारंवार भेटतो. तो एक कागद नाही, दोन आहेत. पहिला सरकारी: देवांना बळी वाहिल्याचा दाखला. दुसरा ख्रिस्ती मंडळीच्या (चर्चच्या) आतला: विश्वासासाठी तुरुंगात पडलेल्या माणसाने, छळाला भिऊन ढळलेल्या माणसाला मंडळीत परत घ्यावं म्हणून लिहिलेली शिफारस. या परत घेण्याला ‘शांती’ म्हणत, म्हणून ती ‘शांतीची चिठ्ठी’. साल एकच, नाव एकच, आणि कित्येकदा दोन्ही कागद एकाच माणसाच्या हाती. त्यामुळे कोण कशासाठी कागद मागतो आहे हे न पाहता वाचलं, तर ‘कागद विकत घेतला’ आणि ‘कागद मिळवला’ यांतला फरकच पुसला जातो.

आधी सरकारी दाखला. डेशियस २४९ सालच्या शरद ऋतूत गादीवर आला आणि थोड्याच काळात साम्राज्यभर फर्मान निघालं: सर्वांनी देवांना बळी द्यावा. मूळ फर्मान आज उपलब्ध नाही. पण इजिप्तच्या कोरड्या वाळूत, मुख्यतः फायूम भागात, चाळीसहून जास्त दाखले पपायरसवर टिकले आणि त्यांवरून कारभार कसा चालला ते नेमकं कळतं. सापडलेले दाखले २५० सालच्या जून-जुलैतले आहेत. सगळ्यात मोठा गठ्ठा थिआडेल्फिया या एका गावचा.

मसुदा ठरलेला असे. सुरुवातीला ‘अमुक गावच्या बळींवर देखरेख करण्यासाठी नेमलेल्यांस’ असा मायना. मग अर्जदाराचं नाव, बापाचं नाव, गाव, कधी वय आणि अंगावरची खूण. अलेक्झांडरचं बेट नावाच्या गावातल्या डायोजिनिस या अर्जदाराचं वय ७२ लिहिलं आहे आणि उजव्या भुवईवर व्रण असल्याची नोंद आहे. ओळख पटवायला तेवढं पुरे. त्यानंतर मुख्य वाक्य: मी देवांना नेहमीच बळी देत आलो आहे, आणि आताही फर्मानाप्रमाणे तुमच्यासमोर तर्पण केलं, बळी दिला आणि बळीचं मांस चाखलं, तरी तुम्ही तसं प्रमाणित करावं ही विनंती. खाली साक्षीदार अधिकाऱ्यांची नोंद. थिआडेल्फियात ती ऑरेलियस सेरेनस आणि ऑरेलियस हर्मास यांची असते: ‘तुला बळी देताना आम्ही पाहिलं.’ शेवटी सम्राटाच्या पूर्ण पदव्यांसह तारीख. अक्षर नीट पाहिलं तर मजकूर एका हाताचा आणि साक्षीची ओळ दुसऱ्याच हाताची दिसते. म्हणजे लेखनिकाकडून अर्ज आधी लिहून आणायचा आणि अधिकाऱ्यासमोर फक्त सही घ्यायची. तहसील कचेरीबाहेर टंकलेखकाकडून अर्ज करून घेतलेल्या कुणालाही ही पद्धत परकी वाटू नये.

जिथे तिथे ऑरेलियस नाव का, असा प्रश्न पडतो. ही सगळी भावकी नव्हे. २१२ साली कॅराकॅला सम्राटाने साम्राज्यातल्या जवळजवळ सगळ्या स्वतंत्र रहिवाशांना नागरिकत्व दिलं आणि त्यांनी त्याचं कुलनाम लावलं.

या मसुद्यात ख्रिस्ताचा उल्लेख कुठेच नाही. ‘मी ख्रिस्ती नाही’ असं लिहायचं नव्हतं, ख्रिस्ताला शिव्याशाप द्यायचे नव्हते. पाहिजे होत्या तीन कृती, साक्षीदारांसमोर: तर्पण, बळी, मांस चाखणं. मनात काय आहे याची चौकशी नव्हती. म्हणून दाखला सापडला म्हणजे तो माणूस ख्रिस्ती होता, असा अर्थ काढणं चूक आहे. अर्सिनोए शहरातला एक दाखला तर पेटेसुखोस या मगर-देवाच्या पुजारणीचा आहे. जिचं आयुष्यच देवळात गेलं तिलाही बळी दिल्याचा कागद घ्यावा लागला. टिकलेल्या दाखल्यांमधले बहुतेक अर्जदार बहुधा असेच, फर्मान निघालं म्हणून रांगेत उभे राहिलेले सामान्य लोक.

कार्थेजमध्ये (आजच्या ट्युनिशियात) हेच काम नगराधिकाऱ्यांच्या जोडीला नेमलेल्या पाच प्रतिष्ठित नागरिकांकडे होतं. एक मुदत ठरवलेली होती. त्या दिवसापर्यंत जो आला नाही, त्याने न बोलताच आपण ख्रिस्ती असल्याची कबुली दिली, असं तिथला बिशप सिप्रियन मोजतो. तोच सांगतो की पहिल्या दिवसांत लोक आपण होऊन टेकडीवरच्या देवळाकडे धावले. संध्याकाळ झाली म्हणून अधिकारी ‘उद्या या’ म्हणाले, तर ‘आजच उरका’ अशी विनवणी करणारेही होते. एका तान्ह्या मुलीचं प्रकरण त्याने तपशिलात दिलं आहे. आईबाप पळाले, मुलगी दाईजवळ राहिली, दाईने तिला अधिकाऱ्यांकडे नेलं. मांस खाण्याचं तिचं वय नव्हतं, म्हणून बळीतून उरलेल्या वाइनमध्ये भाकरी भिजवून भरवली. पुढे आईने तिला प्रभुभोजनाला (ख्रिस्ताच्या स्मरणार्थ भाकरी आणि वाइन घेण्याच्या विधीला) आणलं, तेव्हा तिने तोंड फिरवलं; डीकनने (मंडळीतल्या सेवकाने) बळेच प्याला लावला तर हुंदके देत ओकली.

आता खरी गुंतागुंत. दाखला असलेला प्रत्येक ख्रिस्ती माणूस बळी देऊन आला होता असं नाही. मंडळीच्या भाषेत ढळलेल्यांचे प्रकार होते: बळी दिलेले, नुसता धूप जाळलेले, आणि ‘लिबेलातिकी’. हा तिसरा शब्द नेहमी चुकीचा वापरला जातो. त्याचा अर्थ ‘दाखला असलेला’ नाही. बळी न देता, पैसे मोजून दाखला घेतलेला, असा आहे. अशांचा बचाव सिप्रियनने त्यांच्याच तोंडी दिला आहे: मूर्तींना बळी देऊ नये हे मला ठाऊक होतं, म्हणून मी अधिकाऱ्याकडे गेलो किंवा दुसऱ्याला पाठवलं, मी ख्रिस्ती आहे, मला वेदीपाशी येता येत नाही असं सांगितलं, आणि जे निषिद्ध ते करावं लागू नये म्हणून पैसे दिले. त्या माणसाच्या लेखी हा दंड होता. मंडळीच्या लेखी मात्र कागदावर ‘मी बळी दिला’ असं लिहिलेलं होतं, आणि ते त्याने स्वतःच्या नावे लिहू दिलं होतं. हात स्वच्छ राहिले, पण साक्ष खोटी ठरली. अधिकाऱ्याला तरी यात काय मिळत होतं? लाच, आणि शिवाय फर्मान पाळल्याची आणखी एक नोंद. दोघांचंही भागत होतं, म्हणून ही वाट रुळली.

दुसरा कागद याच्या नेमका उलट्या बाजूने येतो. तो कचेरीतून नव्हे, तुरुंगातून निघतो. ज्यांनी बळी नाकारला, कैद आणि यातना सोसल्या, त्यांचा शब्द देवापाशी वजनदार आहे, ही समजूत जुनी होती. मंडळीतून बाहेर पडलेले लोक तुरुंगातल्या हुतात्म्यांकडे शांती मागायला जातात, असं टर्टुलियन या ख्रिस्ती लेखकाने पन्नासेक वर्षांपूर्वीच लिहिलं होतं. २५० साली मात्र ढळलेल्यांची संख्याच इतकी झाली की ही रीत कोलमडली. दररोज हजारो चिठ्ठ्या निघत असल्याची सिप्रियनची तक्रार आहे.

या चिठ्ठ्यांची मूळ प्रत एकही आपल्या हाती आलेली नाही. त्या कळतात सिप्रियनच्या पत्रव्यवहारातून. त्यांत काय बिघडलं तेही तिथेच दिसतं. पहिली अडचण मजकुराची: ‘अमक्याला त्याच्या माणसांसह सहभागी करून घ्यावं.’ ‘त्याच्या माणसांसह’ म्हणजे किती? वीस, तीस, त्याहून जास्त लोक नातलग, सोयरे, मुक्त केलेले दास, घरचे नोकर म्हणून पुढे उभे राहू शकत. म्हणून सिप्रियनने तुरुंगात कळवलं: ज्यांना तुम्ही स्वतः ओळखता, ज्यांचं प्रायश्चित्त पुरं होत आलं आहे, त्यांचीच नावं एकेक करून लिहा.

दुसरी अडचण सहीची. विश्वासासाठी कैदेत पडलेला पॉल यातनांनंतर मरण पावला. मरण्याआधी त्याने तुरुंगातल्या लुशिअन या सोबत्याला सांगून ठेवलं होतं की माझ्यामागे कुणी शांती मागितली तर माझ्या नावे दे. लुशिअन देत राहिला. ऑरेलियस नावाच्या तरुणाने यातना सोसल्या होत्या, पण त्याला लिहिता येत नव्हतं. त्याच्या नावाच्या चिठ्ठ्याही लुशिअनच्याच अक्षरात. मेलेल्याच्या नावे आणि निरक्षराच्या नावे एकाच हाताची पत्रं: अधिकृत कशाला म्हणायचं? शेवटी तर एक सरसकट पत्रच आलं: ढळल्यानंतर ज्यांचं वागणं तुम्ही तपासलं आहे त्या सगळ्यांना आम्ही शांती दिली आहे, हे इतर बिशपांनाही कळवा. खाली मंडळीतले दोन सेवक, एक शास्त्रवाचक आणि एक भूत काढणारा, हजर असल्याची नोंद, लेखक लुशिअन. वाचताना त्यातला हुकमी सूर लपत नाही. पण लुशिअनला नुसता मोकाट माणूस समजणंही अन्यायाचं होईल. दोन कोठड्यांत कोंबलेले हे लोक उपासमार, तहान आणि उष्म्याने मरत होते. पाच दिवसांत थोडीशी भाकरी आणि मोजून पाणी मिळाल्याचं तो लिहितो. उलट मॅपॅलिकस हा दुसरा कैदी यातना सोसताना गेला, आणि त्याने शांती मागितली ती फक्त आपल्या ढळलेल्या आई-बहिणीसाठी. सिप्रियन त्याचंच उदाहरण पुढे करतो.

दोन्ही कागद एकाच प्रकरणात कसे येतात हे रोमच्या सेलेरिनसच्या पत्रात दिसतं. स्वतः छळ सोसून आलेला हा माणूस कार्थेजच्या तुरुंगातल्या लुशिअनकडे ढळलेल्या बहिणींसाठी शांती मागतो. त्यांतल्या एकीबद्दल तो मुद्दाम लिहितो की तिने बळी द्यायला लागू नये म्हणून पैसे दिले. ती बळीच्या जागेकडे वर जाताना त्रि-नियती (नशीब ठरवणाऱ्या तीन) देवींच्या स्थानापर्यंतच गेली आणि तिथून खाली उतरली. वेदीवरून सुटका पैशांनी झाली, आता मंडळीत परतण्यासाठी चिठ्ठी हवी.

घोटाळ्याचं मूळ माझ्या मते इथेच आहे. सरकारी दाखला हातात पडला की प्रकरण मिटायचं. लोकांनी शांतीची चिठ्ठीही तशीच वापरायला काढली: दाखवली की प्रभुभोजनात बसायचं, आणि काही प्रेस्बिटर (बिशपाच्या हाताखालचे धर्मगुरू) बसूही देत. वास्तविक ती शिफारस होती. निर्णय बिशपाचा, तोही पापनिवेदन, प्रायश्चित्त आणि डोक्यावर हात ठेवणं झाल्यानंतर. सिप्रियनने २५० च्या उन्हाळ्यात एकच सवलत दिली. चिठ्ठीधारक आजारी पडून मरणाच्या दारी असेल, तर बिशपाची वाट न पाहता प्रेस्बिटरपुढे, तो नसेल तर डीकनपुढेही निवेदन करून हात ठेवून घ्यावा. बाकीच्यांनी थांबावं. आणि हे सांगणारा सिप्रियन स्वतः छळ सुरू होताच शहराबाहेर लपला होता, हे विसरता येत नाही. तुरुंगातल्यांना त्याचा अधिकार टोचला यात नवल नाही. पुढे २५८ साली सम्राट व्हॅलेरियनच्या छळात त्याचं डोकं उडवलं गेलं.

२५१ च्या वसंतात कार्थेजला बिशपांची सभा भरली आणि तिने दोन्ही कागदांची किंमत ठरवली. चिठ्ठी असली तरी प्रत्येकाची चौकशी व्हावी. पैसे देऊन दाखला घेतलेल्यांना चौकशीनंतर परत घ्यावं. प्रत्यक्ष बळी दिलेल्यांनी प्रायश्चित्त चालू ठेवावं आणि त्यांना शांती मरणसमयी मिळावी. दोन टोकांना हे पटलं नाही: कार्थेजात फेलिसिसिमसचा गट सगळ्यांना लगेच घेत होता, रोममध्ये नोव्हेशियन कुणालाच घ्यायला तयार नव्हता. पुढे सम्राट गॅलसच्या कारकिर्दीत नवा छळ दिसू लागला तेव्हा ४२ बिशपांनी नियम सैल केला. ज्याला उद्या यातनांना सामोरं जायचं आहे त्याला आज प्रभूच्या रक्ताचा प्याला नाकारून कसं चालेल, असा त्यांचा सवाल होता.

सामान्य माणसासाठी दार असं उघडलं. पदासाठी नाही. स्पेनमधले बॅसिलिडिस आणि मार्शिआलिस हे दोन बिशप दाखला घेतलेले निघाले. बॅसिलिडिसने रोमचा बिशप स्टीफन याला गाठून पद परत मिळवण्याची खटपट केली. २५४ च्या सुमारास प्रकरण कार्थेजच्या सभेपुढे आलं, तेव्हा उत्तर स्पष्ट होतं: प्रायश्चित्त करून सामान्य सभासद म्हणून येता येईल, बिशप म्हणून नाही.