शोभेचे शिडाचे जहाज

घरात किंवा कार्यालयात मांडण्यासाठी आणि भेट देण्यासाठी केलेली शिडाच्या जहाजाची लहान, बहुधा लाकडी प्रतिकृती. ती पाण्यात सोडण्यासाठी नसते. तळ्यात चालवण्याच्या शिडाच्या छोट्या होडीला खाली शिशाचे वजन आणि फिरते सुकाणू लागते, शोभेच्या जहाजाला यातले काहीच लागत नाही. त्याची खरी परीक्षा दोरकामात होते. मूळ जहाज दोरांच्या ताणावर उभे असते, आणि प्रतिकृती बिघडते तीही बहुतेक वेळा दोरांमुळेच.

पुष्कळ प्रतिकृती ‘व्हिक्टरी’ या ब्रिटिश युद्धनौकेच्या होतात. ती १७६५ मध्ये पाण्यात उतरली आणि आज पोर्ट्‌समथला आहे. पुढे निघालेला दांडा सोडून तिच्या अंगाची लांबी सुमारे ६९ मीटर असल्याने १:१०० प्रमाणाच्या प्रतिकृतीचे अंग ६९ सेंटिमीटर भरते आणि उंचीही जवळजवळ तितकीच होते. १९३० च्या दशकातल्या ‘एंडेव्हर’सारख्या शर्यतीच्या नौकांना एकच डोलकाठी असते, पण ती नौकेच्या लांबीहून उंच असते. अशी ६० सेंटिमीटर लांबीची नौका बैठकीसह पाऊण मीटरहून उंच होते. म्हणून फडताळ मोजताना आधी उंची मोजावी. लांबीवरून जागा ठरवली की डोलकाठीचे टोक वरच्या फळीला लागते.

आपल्याकडे मांडण्याजोगी जहाजे कमी नाहीत. मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ १८१७ मध्ये पाण्यात उतरली. ती आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगती आहे. गोव्यात बांधलेली ५६ फुटी ‘तारिणी’ नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी २०१७-१८ मध्ये पृथ्वीभोवती नेली. मराठा आरमारातल्या गुराब या लढाऊ जहाजाची ओळख म्हणजे पुढे झेपावलेली लांब, सखल नाळ, म्हणजे जहाजाचे पुढचे टोक, आणि तिच्यावरून थेट समोर मारा करणाऱ्या तोफा. गलबत तिच्याहून लहान आणि वल्ह्यांवरही चालणारे. बाजारात ‘मराठा जहाज’ म्हणून मिळणाऱ्या वस्तूला पुष्कळदा युरोपी बांधा आणि चौकोनी शिडे असतात, फक्त वर भगवा लावलेला असतो. घेण्याआधी नाळ पाहिली तर फसगत टळते.

चांगली प्रतिकृती फासळ्यांवर पट्ट्या बसवून करतात. तळाचा कणा आणि आडव्या फासळ्या काटकोनात चिकटवतात, मग साधारण दीड मिलिमीटर जाड व ५ मिलिमीटर रुंद पट्ट्या लावतात. नाळेकडे वळवायच्या पट्ट्या अर्धा तास कोमट पाण्यात ठेवून वाकवतात, आणि तिथे जागा कमी पडते म्हणून टोकाकडे निमुळत्या करतात. पट्टी एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे अशी आलटून पालटून बसवायची असते. एक बाजू आधी पुरी केली तर ओला गोंद सुकताना कणा त्या बाजूला ओढतो, आणि ते जहाज पुन्हा सरळ होत नाही. पुढे १२०, २४० आणि ४०० नंबरच्या पॉलिशपेपरने घासून वॉर्निश देतात. स्वस्त जहाजाचे अंग एकाच ठोकळ्यातून कोरलेले असते. त्यात वाईट काही नाही, पण लाकूड नीट वाळलेले नसेल तर पहिल्याच उन्हाळ्यात उभी चीर पडते.

शिडांना घट्ट विणीचे पातळ सुती कापड चांगले. ते आधी धुऊन आटवून घ्यावे. चहाच्या कोऱ्या पाण्यात बुडवले की जुनी, पिवळसर छटा येते. मॉरिशसमधील कारागीरही ही युक्ती वापरतात. तेथे क्यूरपीप आणि गुडलँड्‌स येथे या प्रतिकृतींचे जुने कारखाने आहेत.

दोर दोन प्रकारचे. डोलकाठ्यांना जागेवर धरून ठेवणारे दोर मूळ जहाजावर डांबर लावलेले असत, म्हणून ते काळे किंवा गडद तपकिरी करतात. शिडे हलवणारे दोर काथ्याच्या रंगाचे ठेवतात. दोन्ही एकाच दोऱ्याचे दिसले तर काम घाईचे समजावे. सुती दोरा पावसाळ्यात ओल पिऊन फुगतो आणि आखडतो, त्यामुळे नुसत्या ताणाने वरची बारीक डोलकाठी वाकते. हवा कोरडी झाली की तोच दोरा लोंबतो. किनारपट्टीवर ठेवायच्या जहाजाला पॉलिस्टरचा दोरा वापरावा. सुतीच हवा असेल तर मेण चोळून, किंचित सैल बांधावा. गाठीवर पातळ केलेला पांढरा गोंद लावावा. झटपट चिकटणाऱ्या गोंदाने दोरा ठिसूळ होतो आणि भोवती पांढरट डाग उठतो.

आणखी एक खूण निशाणाची. वारा मागून येऊन शिडे पुढे फुगली असतील तर मागचे निशाणही पुढेच फडकले पाहिजे. बाजारातल्या अनेक जहाजांवर ते मागे फडकते, कारण चालत्या गाडीवरचा झेंडा मागे जातो हेच डोळ्यांत बसलेले असते.

जहाज पंख्याखाली किंवा उन्हात ठेवू नये. धूळ कोरड्या, मऊ कुंचल्याने वरून खाली झाडावी. ओले फडके लावल्यास गाठी सुटतात. काचपेटी उत्तम, पण तिला मागे दोन-चार भोके हवीत. एमडीएफ किंवा ओकच्या लाकडातून आम्लाची वाफ सुटते, आणि बंद पेटीत शिशाच्या तोफांवर, नांगरांवर पांढरी भुकटी धरते. ती विषारी असते, फुंकून उडवू नये. नौकेचे तोंड घराच्या आत असावे, म्हणजे भरभराट होते, अशी समजूत विक्रेते सांगतात. तो श्रद्धेचा भाग आहे.

भेट पाठवताना सर्वांत आधी मोडतो तो नाळेपुढे निघालेला दांडा. बैठक खालून स्क्रूने फळीला आवळावी, फोम फक्त जहाजाच्या अंगाला लावावा, आणि डोलकाठ्या पेटीत मोकळ्या राहू द्याव्यात. त्यांना बुडबुड्यांचे प्लॅस्टिक गुंडाळले की प्रत्येक धक्का दोरांवर येतो. जहाज नेहमी दोन्ही हातांनी खालून उचलावे, डोलकाठीला धरून कधीही नाही. परदेशी पाठवायचे असेल तर शिंपल्यांनी मढवलेले जहाज टाळावे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात काही शंखशिंपले संरक्षित आहेत आणि तयार वस्तूतला कोणता शिंपला कोणत्या जातीचा, हे ओळखणे अवघड जाते.