हाकेला ओ देणारे प्रोग्रॅम

सॉफ्टवेअरचे भाग आणि त्यांचे संबंध मांडायचं साधन, म्हणजेच मॉडेलिंग टूल, ही नुसती चौकोन आणि बाण काढायची पाटी आहे, हा समज प्रोग्रॅमिंग करणाऱ्यांमध्येही सर्रास दिसतो. तो चुकीचा आहे हे पटायला एक छोटी कृती पुरे. आकृतीतला एक चौकोन निवडा आणि नुसतं डिलीट दाबा. अशा बहुतेक टूल्समध्ये चौकोन आकृतीतून जातो, पण बाजूच्या यादीत तो घटक जागच्या जागी असतो. आकृती हा नुसता देखावा. खरं मॉडेल त्याच्या खाली आहे. ‘एंटरप्राइझ आर्किटेक्ट’ या टूलमध्ये तर ते चक्क डेटाबेसच्या टेबलांत असतं. घटक एका टेबलात, त्यांना जोडणाऱ्या रेषा दुसऱ्यात. यूएमएल ही आकृत्यांची भाषा 1997 मध्ये प्रमाण म्हणून स्वीकारली गेली, पण तिचं खरं बळ मला या टेबलांत दिसतं.

कारण टेबलाला प्रश्न विचारता येतो. एकाही गरजेशी न जोडलेले घटक कोणते? हा घटक काढला तर कोणाकोणाचं अडेल? तुमच्या कामाचे नियम टूल बनवणाऱ्याला कुठून ठाऊक असणार? म्हणून स्वतःचा मदतनीस प्रोग्रॅम लिहून टूलला जोडायची सोय असते. त्याला ॲड-इन म्हणतात.

आता खरी गंमत. एरवी आपला प्रोग्रॅम दुसऱ्याच्या लायब्ररीला, म्हणजे आयत्या कोडच्या संचाला, कामाला लावतो. इथे उलट आहे: टूल हाक मारतं आणि आपण ओ द्यायची. पण टूल तर आपल्या कितीतरी आधी तयार झालेलं! आपलं नाव त्याला कळणार कसं?

विंडोजवर हे असं घडतं. टूल सुरू होताना रजिस्ट्रीतल्या, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीतल्या, ठरलेल्या कप्प्यात डोकावतं. तिथे ‘प्रोजेक्ट-टिंब-क्लास’ अशा रूपात आपलं नाव लिहून ठेवलेलं असतं. त्या नावावरून 128 बिटांचा एक ओळखक्रमांक मिळतो. तो इतका मोठा की जगात कुठेही कोणीही नवा तयार केला तरी दोन सारखे निघण्याची भीती व्यवहारात नसते. क्रमांकावरून डीएलएल फाइलचा, म्हणजे आपला कोड असलेल्या फाइलचा, पत्ता लागतो आणि ती फाइल टूलच्याच मेमरीत चढते. मग टूल आपल्या मेनूची चौकशी करतं (ईए म्हणजे एंटरप्राइझ आर्किटेक्ट): ‘ईए_गेटमेन्यूआयटम्स नावाचं फंक्शन आहे का तुझ्याकडे?’ असेल तर उत्तरादाखल एक आकडा येतो, आणि पुढे त्या आकड्यानेच हाक मारली जाते. या पद्धतीला लेट बाइंडिंग म्हणतात. गाठ आधी मारलेली नसते, ऐन वेळी मारली जाते.

याची दुसरी बाजू मी अनुभवली आहे. ईए_गेटमेन्यूआयटम्स या नावातला शेवटचा ‘स’ माझ्याकडून राहून गेला. एरर नाही, इशारा नाही, नुसता मेनू येईना. टूलने विचारलं, ‘नाही’ असं उत्तर मिळालं, ते पुढे गेलं. त्याच्या दृष्टीने काहीच चुकलं नव्हतं.

काही हाका परवानगीच्या असतात. घटक मॉडेलमधून कायमचा काढण्याआधी टूल ईए_ऑनप्रीडिलीटएलिमेंट या नावाने विचारतं. आपण ‘फॉल्स’, म्हणजे नकार, परत दिलं की घटक हटत नाही. वीस जण एका मॉडेलवर काम करत असतात तेव्हा या एका शब्दाचं मोल कळतं.

‘आकृती काढा, सॉफ्टवेअर आपोआप तयार’ अशा जाहिरातींवर मात्र विश्वास ठेवू नका. क्लासच्या आकृतीतून कोडचा सांगाडा निघतो, आतला विचार माणसालाच लिहावा लागतो. ॲड-इनही तुम्ही लिहिलेला नियमच तपासतो, न सुचलेला नाही.

आपण टूलच्याच मेमरीत राहतो, त्याची बंधनंही येतात. 64 बिट टूलमध्ये 32 बिट डीएलएल चढत नाही. शिवाय हिशेब ठेवावा लागतो: टूलकडून घेतलेल्या प्रत्येक ऑब्जेक्टमागे, म्हणजे मेमरीतल्या वस्तूमागे, एक गणती वाढते, सोडला की घटते, शून्यावर आली की ऑब्जेक्ट मोकळा होतो. ॲड-इन मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमध्ये लिहिलेलं असेल तर हे सोडणं गार्बेज कलेक्टरच्या, म्हणजे नको असलेली मेमरी आपोआप मोकळी करणाऱ्या यंत्रणेच्या, सवडीने होतं. त्यामुळे टूलची खिडकी बंद होते आणि टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेस मात्र रेंगाळत राहते, असं घडू शकतं. म्हणून ईए_डिस्कनेक्ट या अखेरच्या हाकेला ओ देताना कलेक्टरला तिथल्या तिथे कामाला लावायची एक ओळ लिहितात.