कंपनशमक व आसंजक ब्लॉक कोपॉलिमर

एकाच रेणुसाखळीत दोन वेगळ्या स्वभावांचे लांब तुकडे रासायनिक बंधाने जोडून केलेल्या बहुवारिकाला (पॉलिमरला) ब्लॉक कोपॉलिमर म्हणतात. पत्र्यावर चिकटवण्याच्या कंपनशमक पट्टीत एकाच थराला दोन कामे करावी लागतात. त्याने कंपन जिरवायचे असते (शमन) आणि पत्र्याला धरूनही राहायचे असते (आसंजन). अशा थरासाठी या साखळीची रचना कशी ठरवतात, हा या नोंदीचा विषय आहे.

नागपुरात हा प्रश्न समजायला पत्र्याचा कूलर पुरतो. पंख्याची मोटर मिनिटाला १४०० फेऱ्या घेत असेल, तर सेकंदाला सुमारे २३ फेऱ्या होतात. पंखा चार पात्यांचा असला की पात्यांची थाप सेकंदाला ९३ वेळा पडते. त्यात ५० हर्ट्झच्या विजेवर चालणाऱ्या मोटरची १०० हर्ट्झची गुणगुण मिसळते आणि बाजूचा सपाट पत्रा भणभणू लागतो. त्यावर तळहात टेकवला की आवाज बसतो. हाताच्या मऊ मांसात कंपनाची ऊर्जा उष्णता होऊन जिरते. पट्टीने हेच काम हाताशिवाय करायचे असते. तिच्यात वर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा आणि खाली चिकट थर असतो. कूलरचा पत्रा वाकला की दोन धातूंमध्ये सापडलेला थर कातरला जातो, म्हणजे वरची आणि खालची बाजू उलट दिशांना सरकून तो तिरपा ताणला जातो, आणि त्या कातरण्यात ऊर्जा खर्च होते. अशा बंदिस्त थराचे गणित १९५९ मध्ये एडवर्ड कर्विन यांनी मांडले.

अडचण अशी की बहुवारिक सर्वांत जास्त ऊर्जा जिरवते ते काचेसारख्या कडक अवस्थेतून रबरासारख्या मऊ अवस्थेत जाताना. त्या वेळी ते बऱ्यापैकी ताठर असते. चिकटायला मात्र मऊपणा हवा. नुसत्या बोटाच्या दाबाने चिकटायचे, तर सेकंदभराच्या दाबाला पदार्थाचा ताठरपणा सुमारे ३ लाख पास्कलच्या खाली असावा लागतो. हा कार्ल डाल्क्विस्ट यांचा निकष म्हणून ओळखला जातो.

यातून वाट निघते ती काळाच्या फरकामुळे. पट्टी सेकंदभरात चिकटते, कंपन सेकंदाच्या शंभराव्या भागात होते आणि धरून राहायचे असते ते महिनोन्‌महिने. श्यानप्रत्यास्थ, म्हणजे काहीसा दाट द्रवासारखा आणि काहीसा रबरासारखा, पदार्थ या तिन्ही वेळांना वेगवेगळा वागतो. जुनी चिकटपट्टी सावकाश सोलली तर पाकासारखी तार सुटते, झटक्याने ओढली तर ती टक्‌कन निघते. म्हणून १०० हर्ट्झला शोषणाचे शिखर आणि सेकंदभराच्या दाबाला मऊपणा, असे दोन्ही एकाच तापमानाला साधता येते. कंपन दसपट वेगाचे झाले की शिखर काही अंशांनी वरच्या तापमानाकडे सरकते. रचनाकाराला मोकळीक मिळते ती एवढीच.

महिनोन्‌महिने धरण्याचे काम टोकाच्या तुकड्यांकडे असते. स्टायरीन-आयसोप्रीन-स्टायरीन (एसआयएस) या त्रिखंडी साखळीत दोन्ही टोकांना पॉलिस्टायरीन आणि मध्ये रबर असते. हे दोन तुकडे एकमेकांत मिसळत नाहीत, पण बंधाने जोडलेले असल्याने दूरही जाऊ शकत नाहीत. त्यामुळे टोके दहा-वीस नॅनोमीटर आकाराच्या गाठी करून बसतात. पॉलिस्टायरीनचे काचसंक्रमण तापमान, म्हणजे कडक अवस्थेतून मऊ होण्याचे तापमान, १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असल्याने त्याखाली या गाठी रबराचे जाळे बांधून ठेवतात. व्हल्कनीकरण (गंधकाने रबराच्या साखळ्या कायमच्या जोडणे) न करता जाळे मिळते आणि वितळवले की ते पुन्हा सुटते. अशा साखळ्या नेमक्या मापाने विणण्याची वाट मायकेल श्वार्त्स यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'जिवंत' बहुवारिकीकरणाने, म्हणजे साखळीचे टोक क्रियाशील राहून वाढत जाणाऱ्या पद्धतीने, मोकळी केली. शेल कंपनीने १९६० च्या दशकात हे पदार्थ बाजारात आणले.

कंपन शोषण्याचा भार मधल्या तुकड्यावर असतो. नेहमीच्या पॉलिआयसोप्रीनचे संक्रमण उणे ६० अंशांच्या आसपास होते, म्हणजे खोलीच्या तापमानाला ते निव्वळ लवचीक रबर असते आणि शमन फारसे करत नाही. बहुवारिकीकरणाच्या वेळी विद्रावकात ध्रुवीय द्रव्य थोडे घातले, तर आयसोप्रीनचे एकक वेगळ्या कार्बनवरून जोडले जाते, साखळीला बाजूने फांद्या फुटतात आणि संक्रमण शून्याच्या आसपास किंवा त्याहूनही वर येते. माझ्या मते या सगळ्या रचनेतली सर्वांत सुंदर युक्ती हीच. घटक तेच राहतात, जोडणी तेवढी बदलते. राळेसारखी चिकटवर्धक द्रव्ये मधल्या तुकड्यात विरघळून दोन कामे करतात. ती संक्रमणाचे तापमान वर नेतात आणि रबराचे जाळे विरळ करून त्याला मऊ करतात. तेल घातले की मऊपणा वाढतो, पण ते संक्रमण खाली ओढते आणि उन्हाळ्यात कडेने पाझरते.

नागपूरचे हवामान या रचनेची खरी परीक्षा घेते. शहरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश तापमान नोंदले गेले आणि २९ डिसेंबर २०१८ रोजी ३.५ अंश. उन्हातला पत्रा हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो. २३ अंशांवर ठेवलेल्या प्रयोगशाळेतला एकच आकडा इथे फारसा कामाचा नाही. शोषणाचे शिखर एका तापमानाला उंच असण्यापेक्षा बुटके पण रुंद असलेले बरे. त्यासाठी वेगवेगळ्या संक्रमणांचे दोन मधले तुकडे मिसळतात.

त्यात धातूंचे प्रसरण वेगळे. पट्टीतले ॲल्युमिनियम कूलरच्या पत्र्यातल्या पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते. ३० सेंटिमीटर लांबीच्या पट्टीत ४० अंशांच्या फरकाने दोघांत सुमारे ०.१३ मिलिमीटरची तफावत पडते. थर जेमतेम ०.१ मिलिमीटरचा असेल, तर ती दोन टोकांत वाटली गेली तरी कडा रोज थराच्या जाडीच्या अर्ध्याहून जास्त कातरली जाते. असे वेगळे तुकडे नसलेले एकखंडी चिकटद्रव्य अशाने हळूहळू सरकते. स्टायरीनच्या गाठी असलेला थर संध्याकाळी जागेवर येतो, पण गाठी मऊ न पडता शाबूत राहिल्या तरच. जास्त तापणाऱ्या जागेसाठी टोकांशी मिसळणारे पॉलिफिनिलीन ईथर घालून गाठींचे तापमान वाढवतात.

जुनेपणाही प्रत्येकाचा वेगळा. हवा आणि ऊन लागून आयसोप्रीनच्या साखळ्या तुटतात आणि थर चिकचिकीत होतो. मधला तुकडा ब्युटाडाईनचा असेल, तर त्याच्या साखळ्या एकमेकींना जोडल्या जाऊन थर कडक आणि ठिसूळ होतो. दुहेरी बंध हायड्रोजनाने भरून काढले की दोन्ही बरेच टळते, मात्र खर्च वाढतो.

नागपुरात रंग, लेप आणि प्लास्टिक यांच्या तंत्रज्ञानाचे शिक्षण १९४२ मध्ये स्थापन झालेल्या लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्थेत दीर्घकाळ चालत आले आहे. बुटीबोरी आणि हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतींमुळे गुणगुणणाऱ्या पत्र्यांची इथे वाण नाही.

पट्टी लावताना चूक बहुधा वेळेची होते. कूलर उतरवून धुतला की पत्रा ओला असतानाच ती लावली जाते. थराला पृष्ठभागावर पसरून खाचांत शिरावे लागते आणि पाण्याचा पातळ पापुद्राही त्याला अडवतो. डिसेंबरच्या सकाळी तोच थर इतका ताठर असतो की दाबूनही पुरता टेकत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये, पत्र्यावरचे तेल पुसून, दुपारी कोमट झालेल्या कोरड्या पत्र्यावर रूळ फिरवून लावलेली पट्टी नीट बसते.