चेतास्रवण

चेतापेशीने स्वतः तयार केलेला रासायनिक पदार्थ बाहेर सोडणे, या क्रियेला चेतास्रवण म्हणतात. पदार्थ लगतच्या पेशीपुरता असेल तर तो चेतापारेषक; रक्तात मिसळून दूरच्या अवयवावर काम करीत असेल तर चेतासंप्रेरक. संज्ञा मुळात चेतासंप्रेरकाच्या अर्थाने रूढ झाली आणि काही लेखक ती अजून तेवढ्यापुरतीच राखतात. पदार्थ सुटण्याची यंत्रणा बव्हंशी एकच असल्याने येथे दोन्ही अर्थ घेतले आहेत.

शोधाचे श्रेय कोणाला, याबाबत एकमत नाही. डाल्ग्रेन (१९१४) व स्पायडेल (१९१९) यांना स्केट माशांच्या मेरुरज्जूत ग्रंथीसारख्या दिसणाऱ्या मोठ्या चेतापेशी आढळल्या होत्या; मात्र त्या काय स्रवतात हे त्यांना दाखवता आले नाही. पोलंडमधील श्टेफान कोपेच यांचा पुरावा वेगळ्या जातीचा आहे. लायमँट्रिया पतंगाच्या सुरवंटाला त्यांनी मध्यावर दोरा आवळला. तो ठराविक काळाआधी आवळला, तर पुढच्या अर्ध्याचा कोश झाला आणि मागचा अर्धा सुरवंटच राहिला. चेतारज्जू कापल्याने फरक पडला नाही. मेंदू लवकर काढल्यास मात्र कोशच झाला नाही. मेंदूतून काहीतरी रक्तावाटे जाते, हा त्यांचा निष्कर्ष १९१७ व १९२२ मध्ये प्रसिद्ध झाला. एर्न्स्ट शारर यांनी १९२८ मध्ये एका लहान गोड्या पाण्यातील माशाच्या अधश्चेतकात (मेंदूच्या तळाकडील भागात) स्रावकणांनी भरलेल्या पेशी वर्णिल्या आणि ‘ग्रंथीचे काम करणारी चेतापेशी’ ही कल्पना ठामपणे मांडली. बहुतेक ग्रंथ त्यांनाच आद्य मानतात. संकल्पनेपुरते ते योग्य आहे. प्रायोगिक पुरावा मात्र कोपेच यांचा आधीचा, हे नोंदवणे न्याय्य ठरेल.

शारर यांचे म्हणणे वीसेक वर्षे संशयाने पाहिले गेले. ते कण म्हणजे मरणाऱ्या पेशींची खूण असावी, असा आक्षेप होता. १९४९ मध्ये बार्गमान यांनी गोमोरी रंजनपद्धतीने (पेशी रंगवण्याच्या एका रीतीने) हेच कण अधश्चेतकापासून त्याखाली लोंबणाऱ्या पीयूषिका ग्रंथीच्या पश्चखंडापर्यंत (मागच्या भागापर्यंत) अक्षतंतूंतून, म्हणजे चेतापेशींच्या लांब तंतूंतून, सलग रंगवून दाखवले. पीयूषिकेचा देठ कापल्यावर रंगणारा पदार्थ कापाच्या वरच्या अंगाला साठतो, यावरून प्रवासाची दिशाही कळली. म्हणजे ऑक्सिटोसिन व व्हॅसोप्रेसिन ही संप्रेरके पश्चखंडात तयार होत नाहीत, तेथे फक्त साठतात व सुटतात. पीयूषिकेच्या अग्रखंडाकडे (पुढच्या भागाकडे) अधश्चेतकाचा संदेश रक्तवाहिन्यांतून जातो, हे हॅरिस यांचे मत गीयमँ व शॅली यांनी तो संदेश नेणारी संप्रेरके वेगळी काढल्यावर सर्वमान्य झाले (नोबेल १९७७).

चेतापारेषकांचा अभ्यास स्वतंत्र वाटेने झाला. लोव्ही यांनी १९२१ मध्ये एका बेडकाच्या हृदयाची व्हेगस चेता उत्तेजित करून त्या हृदयातील द्रव दुसऱ्या हृदयाला देऊन त्याचे ठोके मंद केले. पुढे बर्नर्ड कॅट्‌झ व सहकाऱ्यांनी पारेषक ठराविक आकाराच्या पुडक्यांनी सुटतो हे दाखवले. पुडके म्हणजे एका पुटिकेतील (पेशीतील सूक्ष्म पिशवीतील) काही हजार रेणू. विद्युत आवेग अक्षतंतूच्या टोकाशी पोहोचला की कॅल्शियमच्या वाहिन्या उघडतात, कॅल्शियम आत शिरते आणि पुटिका पेशीच्या पटलाला मिळते. पारेषकाच्या बाबतीत हे मिलिसेकंदापेक्षा कमी वेळात घडते. संप्रेरकाच्या मोठ्या कणांना बहुधा आवेगांची मालिका लागते.

याचे सर्वांत सुबक उदाहरण पान्ह्याचे आहे. उंदराची पिले अखंड चोखत असली तरी दूध दर काही मिनिटांनी एकदाच येते: ऑक्सिटोसिन पेशी दोन-चार सेकंद एकाच वेळी जोराने पेटतात, म्हणजे आवेगांचा मारा करतात, आणि दहा-पंधरा सेकंदांनी दूध उतरते. गोठ्यात रेडकू ढुसण्या देऊ लागले की थोड्या वेळाने म्हशीची कास भरून येते, सड तट्ट होतात, ते याच मार्गाने. बिथरलेली म्हैस दूध चोरते, त्यामागे हे स्रवण अडणे हे एक कारण आहे.

पटलाला मिळालेल्या पुटिकेचे पुढे काय होते, यावर १९७३ पासून दोन मते आहेत. होयझर व रीस यांच्या मते ती पटलात पूर्ण विलीन होते व नंतर बाजूने परत घडवली जाते. चेकारेली यांच्या मते छिद्र क्षणभर उघडून पुटिका माघारी फिरते. स्नायुसंधीबाबत (चेता स्नायूला मिळते तेथे) पहिल्या मताला आधार अधिक आहे, संप्रेरकाच्या कणांत मात्र छिद्र परत मिटताना प्रत्यक्ष मोजले गेले आहे. ऑक्सिटोसिन पेशी अक्षतंतूखेरीज वृक्षिकांतूनही (पेशीच्या आखूड फांद्यांतूनही) मेंदूतच संप्रेरक सोडतात, आणि तेही कधीकधी आवेगाशिवाय, पेशीच्या आतील कॅल्शियमच्या साठ्यावर.