पोरांना मेंदू शिकवायचं हे सुरू कुठून झालं

पणजीत जुन्या सचिवालयाच्या बाजूला आबे फारियाचा पुतळा आहे, रामचंद्र पांडुरंग कामतांनी घडवलेला, 1945 चा. सहलीची पोरं तिथे फोटो काढतात नि पुढे जातात, हा माणूस कोण ते कोणी सांगत नाही, आणि मला ते फार लागतं. 1756 मध्ये कांदोळीत जन्मलेला हा पाद्री 1813 पासून पॅरिसमध्ये लोकांना बोलावून त्यांच्यासमोर संमोहनाचे प्रयोग करायचा. तेव्हा मेस्मर नावाच्या डॉक्टरला मानणारे सांगत की झोपवणाऱ्याच्या अंगातून कसलासा द्रव वाहतो. फारिया म्हणाला द्रव वगैरे काही नाही, जे घडतं ते समोरच्याच्याच मनात घडतं. लोकांसमोर उभं राहून मनाची गोष्ट उलगडून सांगणारा आपला पहिला माणूस हाच, असं मी तरी मानतो.

शाळांत जाऊन पोरांना मेंदू समजावून सांगायचा आताचा कार्यक्रम मात्र अमेरिकेतून आला. तिथे 1990 ते 1999 हे मेंदूचं दशक म्हणून जाहीर झालं, मग 1996 पासून मेंदूविज्ञानासाठी काम करणाऱ्या डाना फाउंडेशनच्या पुढाकाराने दर मार्चमध्ये मेंदू जागृती सप्ताह सुरू झाला आणि शास्त्रज्ञ लॅब सोडून शाळांत जायला लागले. मार्च म्हणजे आपल्याकडे ऐन परीक्षांचे दिवस, त्यामुळे तारखेचा हट्ट सोडून दिलेला बरा. भारतात बंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू नि मानसिक आजारांच्या संस्थेत मेंदूचं म्युझियमच आहे, खरा मेंदू तिथे हातात घेऊन बघता येतो. गोव्यात 1842 पासून मेडिकल शिक्षण आहे, आजचं गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज, त्याच परंपरेतलं, मिरामारला सायन्स सेंटर आहे, म्हणजे जाणती माणसं जवळच आहेत, त्यांनी सत्तरी-पेडण्यातल्या मराठी-कोंकणी प्राथमिक शाळांपर्यंत जायला हवं.

आणि का जायला हवं तर बघा, अजूनही कोणाला फिट आली की कांदा नाहीतर चप्पल हुंगवतात, देवचार, म्हणजे भूत, लागला म्हणून घाड्याकडे, म्हणजे मांत्रिकाकडे नेतात. फिट म्हणजे मेंदूतल्या विजेच्या संदेशांचा थोडा वेळ उडालेला गोंधळ, माणसाला कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, आणि पाच मिनिटांत थांबली नाही तर 108 ला फोन, एवढं तिसरीतलं पोर नक्की शिकतं आणि घरी जाऊन आजीलाही सांगतं!

शिकवायला सामानही फार लागत नाही. एका डब्यात कच्चं अंडं नुसतंच ठेवायचं, दुसऱ्यात काठोकाठ पाणी भरून ठेवायचं, दोन्ही झाकणं घट्ट लावून पोरांनाच हलवायला द्यायचे. नुसतं ठेवलेलं फुटतं, पाण्यातलं बहुतेक वेळा टिकतं. मेंदूभोवती कवटीत असंच पाणी असतं, पण स्कूटरवरून पडल्यावर ते पुरत नाही, म्हणून हेल्मेट. मग साधारण 1400 ग्रॅम वजन आणि 86 अब्ज मज्जापेशी हे आकडे सांगितले तरी चालतात, आधी नकोत.

आपली पोरं प्रश्नही आपल्या ताटातलेच विचारणार, बांगड्याला मेंदू असतो काय? असतो. आणि तिसऱ्यांना, म्हणजे खायच्या शिंपल्यांना? त्यांना आपल्यासारखा मेंदू नसतो, मज्जापेशींच्या दोन-चार गाठी असतात, शिंपला मिटायला तेवढ्या पुरतात.