खोट्या बंदुकीचे रंगकाम

नाटकात, एकांकिकेत किंवा गणेशोत्सवाच्या देखाव्यात वापरायच्या नकली बंदुकीला खऱ्या शस्त्राचे रूप देण्याची हस्तकला. मुंबईच्या हौशी आणि स्पर्धेच्या रंगभूमीवर हे काम बहुधा ‘प्रॉपर्टी’, म्हणजे प्रयोगात लागणाऱ्या वस्तू, सांभाळणाऱ्याच्या वाट्याला येते. त्यासाठी लागणारे जवळजवळ सगळे साहित्य कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळते : वायरिंगचा पीव्हीसी पाइप, प्लायचा तुकडा, लांबी (भेगा बुजवायचा लगदा), खरकागद, फळ्याचा काळा रंग, चपडा लाख, स्पिरिट. हातात घेऊन पाहणारा फसणार नाही, आणि फसायचे कारणही नाही. तिसऱ्या रांगेपासून मागे ती बंदूक लोखंडाची आणि लाकडाची वाटली पाहिजे, एवढेच या कामाचे मागणे.

कायदा आणि सुरक्षितता. अमेरिकेत आपल्या मालकीच्या खऱ्या बंदुकीचा दस्ता घरीच तेलाने उजळणे, नळीवरचा उडालेला निळसर थर बाटलीतल्या द्रावणाने पुन्हा चढवणे हा अनेकांचा छंद आहे. भारतात तसे नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार बंदुका बनवण्या-विकण्याबरोबर त्या दुरुस्त करण्याच्या धंद्यालाही परवाना लागतो. नकली बंदुकीचे खऱ्या बंदुकीत रूपांतर करण्यास कलम ६ परवान्याशिवाय मनाई करते. म्हणून इथे सांगितलेले सगळे काही लाकूड, प्लॅस्टिक आणि पत्रा यांच्यापुरतेच आहे. ‘गावाला आजोबांची ठासणीची बंदूक आहे, ती घेऊन येतो’ असे तालमीत कोणी म्हणाले, तर त्याला तिथेच थांबवावे. १९९३ मध्ये ब्रँडन ली हा अभिनेता आणि २०२१ मध्ये हलिना हचिन्स ही छायाचित्रणकार, दोघेही अमेरिकेत चित्रीकरणाच्या जागी खऱ्या रिव्हॉल्व्हरमधून सुटलेल्या गोळीने गेले. दोन्ही वेळा हत्यार ‘नुसते दृश्यापुरते’ होते.

कोणती बंदूक. रंगाचा डबा उघडण्याआधी नाटकाचा काळ नक्की करावा, कारण प्रत्येक काळाच्या बंदुकीत लोखंड, लाकूड आणि पितळ यांचे प्रमाण वेगळे असते. शिवकालीन तोड्याच्या बंदुकीला जळती जामगी, म्हणजे बार पेटवायची वात, लागते. सुताची जाड दोरी चहाच्या पाण्यात बुडवून वाळवली, तिच्या टोकाला राखाडी रंग आणि मधोमध शेंदरी ठिपका दिला, की जामगी तयार होते. १८५७ वरच्या नाटकात एन्फिल्ड रायफल येते. तिच्या नळीभोवती तीन लोखंडी पट्ट्या असतात; दस्त्याच्या टाचेची पट्टी, चापाभोवतीची कडी आणि लाकडाच्या पुढच्या टोकावरची टोपी पितळेची असते. बेचाळीसच्या चळवळीवरच्या नाटकातल्या पोलिसाच्या हाती थ्री-नॉट-थ्री, म्हणजे ली-एन्फिल्ड. तिचे लाकूड जवळजवळ नळीच्या टोकापर्यंत पोचते. हौशी नाटकात ही एकच गोष्ट सर्वांत जास्त चुकते : अर्धा दस्ता आणि पुढे लांबलचक उघडी नळी दिसली की ती पोलिसाची रायफल राहत नाही, शिकाऱ्याची बंदूक होते. रंग कितीही सुरेख असला तरी ही चूक झाकत नाही.

जुन्या पोलादाचा आणि पितळेचा रंग डोळ्यांत साठवायचा असेल, तर १९२२ मध्ये खुल्या झालेल्या, आताच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयाच्या शस्त्रदालनात तासभर घालवावा. मोबाइलवरच्या छायाचित्रात रंग दिसतो, पण आपण बाजूला सरकताना धातूवरची झाक कशी सरकते ते दिसत नाही. आणि नक्कल करायची असते ती त्या झाकेचीच.

पाया. गुळगुळीत पीव्हीसीवर कोणताही रंग टिकत नाही. दुसऱ्या तालमीतच नखाने पापुद्रे निघू लागतात. आधी १२० नंबरच्या खरकागदाने पाइप खरखरीत करायचा, मग २२० नंबरने ओरखडे बसवायचे आणि शेवटी थिनरच्या फडक्याने पुसायचा. त्यात पाइपावर छापलेली अक्षरेही निघून जातात. सांध्यांवर एम-सील, म्हणजे दोन वड्या एकत्र मळून लावायचा, वाळून घट्ट होणारा लगदा : दोन्ही वड्या सारख्या घेऊन एकजीव रंग येईपर्यंत मळायच्या, ओल्या बोटाने बसवायच्या आणि घट्ट झाल्यावर कानस फिरवायची. प्लायच्या कडेला थर उघडे दिसतात. त्यांत चॉक पावडर आणि फेविकॉलची घट्ट लांबी भरून घासली नाही, तर आडव्या उजेडात त्या रेघा हमखास उठून दिसतात.

वजनाचाही विचार याच टप्प्यावर व्हावा. ली-एन्फिल्ड सुमारे चार किलोची असते. पाइप आणि प्लायची नक्कल एक किलोचीही भरत नाही, आणि नट ती पिसासारखी फिरवतो. बारा मिलिमीटरची सळई मीटरला साधारण ८९० ग्रॅम भरते. ती चिंध्या गुंडाळून पाइपात ठोकली आणि दोन्ही तोंडे एम-सीलने बुजवली, की नटाचा खांदा आपोआप खाली येतो. नळीही बंद होते. टोकाला दिसणारे ‘भोक’ म्हणजे काळ्या रंगाचा गोल ठिपका. प्रेक्षकाला तो पुरतो.

लोखंड. खऱ्या बंदुकीच्या नळीवरचा निळा-काळा रंग हा लावलेला रंग नसतो. पोलादावर मुद्दाम चढवलेला लोहाच्या काळ्या ऑक्साइडचा तो पातळ थर असतो. त्यामुळे त्याच्याखालून धातू जाणवतो. चकचकीत काळा तैलरंग लावला की नेमके हेच हरवते. रंगमंचाच्या दिव्याखाली नळी छत्रीच्या दांड्यासारखी चमकते आणि स्पॉट पडला की त्यावर पांढरा पट्टा उठतो. उलट निव्वळ मंद काळा रंग उजेड गिळून टाकतो. दुरून बंदुकीच्या जागी काळी सावली दिसते.

या दोन्हींच्या मधली वाट शाळेच्या वर्गातून जाते. फळ्याला लावायचा काळा रंग हार्डवेअरच्या दुकानात लहान डब्यात मिळतो, स्वस्त असतो आणि वाळल्यावर त्याचा पृष्ठभाग मऊ, किंचित खरबरीत राहतो. त्याचे दोन पातळ हात द्यावे, जाड एक देऊ नये. पूर्ण वाळल्यावर त्यावर ग्राफाइटची पूड चोळायची. कुलपात घालायची ग्राफाइट पावडर चालते. ती नसेल तर मऊ शिशाची पेन्सिल खरकागदावर घासून पूड जमवावी. कापसाच्या बोळ्यावर चिमूटभर पूड घ्यायची आणि नळीच्या लांबीच्या दिशेने, कधीही आडवी नाही, चोळत जायचे. आठ-दहा फेऱ्यांपर्यंत काहीच घडत नाही. मग एकदम काळ्याच्या पोटातून करडी, थंड झाक वर येते आणि पाइपाचे लोखंड होते. हा क्षण प्रत्येकाने एकदा स्वतःच्या हाताने अनुभवावा असा आहे. मुंबईच्या हिंदुस्तान पेन्सिल्सने १९५८ पासून घरोघरी पोचवलेल्या पेन्सिलीचे नाव नटराज आहे, आणि आपल्या नाटकाचा पडदा उघडण्याआधी पूजाही नटराजाचीच होते. योगायोगच, पण लोभस.

यानंतर झीज. वापरलेल्या शस्त्राचा थर सगळीकडे सारखा उडत नाही. जिथे हात जातो, जिथे पट्टा घासतो आणि जिथे कडा भिंतीला टेकते, तिथेच तो उडतो : बोल्टचा (काडतूस आत ढकलणाऱ्या दांड्याचा) गोळा, चापाची कडी, नळीचे तोंड. ब्रश चंदेरी रंगात बुडवून जुन्या वर्तमानपत्रावर जवळजवळ कोरडा होईपर्यंत पुसायचा आणि या कडांवरून अलगद ओढायचा. नवशिके इथे हात सोडतात आणि सगळी बंदूक चंदेरी करून बसतात. बंदूक हातात धरून बघावी, बोटे कुठे टेकतात ते खडूने आखावे आणि खुणेबाहेर जाऊ नये. नाटकात बंदूक नव्या रंगरुटाच्या हातात असेल, तर झीज जवळपास नकोच. माणसाची गोष्ट बंदुकीच्या झिजेतही असते, आणि प्रॉपर्टीवाल्याने संहिता वाचलेली आहे की नाही ते इथे कळते.

गंज हवा असेल तर तो रंगवण्यापेक्षा खराच आणावा. तेलाच्या डब्याच्या पत्र्याची पट्टी कापायची, वरचा कथलाचा थर खरकागदाने उतरवायचा आणि मीठ घातलेल्या व्हिनेगरचे फडके तिच्यावर रात्रभर ठेवायचे. सकाळी नारिंगी-तपकिरी गंज धरलेला असतो. सुटी भुकटी झटकून वर चपड्याचा हात दिला की तो तिथेच थांबतो.

लाकूड. दस्त्यासाठी प्लायपेक्षा जुन्या पलंगाच्या किंवा दाराच्या फळीचा तुकडा केव्हाही चांगला. रंगाला पानपट्टीवरचा काथ गरम पाण्यात विरघळवून लावला तर तांबूस तपकिरी छटा येते. आणखी गडद हवी असेल, तर काष्ठौषधीच्या दुकानातून हिरडा आणावा. त्याचा काढा लाकडाला पाजून वाळवायचा, मग लोखंडी खिळे आठवडाभर भिजवलेले व्हिनेगर वरून फिरवायचे. हिरड्यातल्या टॅनिनची लोहाशी गाठ पडते आणि लाकूड डोळ्यांदेखत काळपट होते. जुनी काळी शाई याच संयोगातून बनत असे. हे पाणी आधी टाकाऊ तुकड्यावर लावून बघावे, कारण पाच मिनिटांत किती काळोख होईल ते लाकूड ठरवते.

वरचा हात चपड्याचा. चपडा म्हणजे लाखेच्या किड्याच्या स्रावापासून केलेले पातळ, मधाच्या रंगाचे पापुद्रे. झारखंड आणि छत्तीसगड ही लाखेची मुख्य राज्ये, आणि तिच्या अभ्यासाची संस्था रांचीजवळ नामकुमला १९२४ पासून आहे. लिटरभर स्पिरिटमध्ये पाव किलो चपडा रात्रभर भिजवून गाळून घ्यावा. जुन्या धुतलेल्या मलमलीत कापूस बांधून केलेला बोळा त्यात बुडवायचा, पिळायचा आणि न थांबता लांब फिरवायचा. थांबला तिथे डाग पडतो. फर्निचरवाले आठ-दहा हात देऊन आरसा करतात. बंदुकीला दोन पुरे, आणि वाळल्यावर बारीक स्टील वूलने चमक मारून टाकायची. सैनिकाच्या हातातला दस्ता दिवाणखान्यातल्या खुर्चीसारखा दिसू नये.

जवसाचे तेल चोळण्याची जुनी पद्धतही छान आहे, पण तिला दिवस लागतात आणि तिच्यात एक धोका आहे जो पुष्कळांना ठाऊक नसतो. हे तेल हवेतला प्राणवायू घेत वाळते आणि तसे होताना तापते. तेलात भिजलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकला, तर काडी न लावता तो पेट घेऊ शकतो. चाळीच्या गॅलरीत किंवा नेपथ्याच्या चौकटींनी (फ्लॅट्स) आणि पडद्यांनी भरलेल्या तालमीच्या खोलीत याचा परिणाम काय होईल ते सांगायला नको. चिंध्या पाण्याच्या डब्यात बुडवाव्यात, नाहीतर उघड्यावर एकेक पसरून वाळवाव्यात. स्पिरिट आणि थिनरचे काम पंखा लावून, खिडकी उघडून आणि उदबत्ती विझवून करावे.

पितळेसाठी तयार सोनेरी रंग आणला तर तो मखराचा दिसतो. त्यावर काळे-तपकिरी बूट पॉलिश चोळून लगेच पुसले, म्हणजे मळ खाचेत राहतो आणि उंचवटे उजळ दिसतात. खऱ्या पितळेची जुनी पट्टी चोरबाजारात मटन स्ट्रीटला सापडली तर उत्तमच. लोहार चाळ आणि नागदेवी स्ट्रीट या भागात खिळे, स्क्रू, बिजागरी असे किरकोळ सामान मुबलक असते, पण एका बंदुकीसाठी तिथवर जायची गरज नाही.

पावसाळा. आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा नेमक्या पावसाच्या दिवसांत येतात. दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या या शहरात तेव्हा काहीच वेळेवर वाळत नाही. दमट हवेत चपडा पांढरा पडतो : स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि दस्त्यावर धुके धरल्यासारखे दिसते. ऊन पडलेल्या दुपारी नुसत्या स्पिरिटचा बोळा हलका फिरवला की बहुतेक वेळा ते जाते. तैलरंगाची गोष्ट याहून वाईट. प्रस्तुत लेखकाने एका ऑगस्टमध्ये स्पर्धेच्या आदल्या रात्री दोन रायफलींना चकचकीत तैलरंग दिला होता. सकाळी हाताला कोरडा वाटलेला रंग दिव्यांच्या उष्णतेने मऊ झाला, शिपायाच्या खाकी सदऱ्यावर खांद्यापासून छातीपर्यंत काळा पट्टा उमटला आणि त्या मुलाने उरलेला प्रवेश तो पट्टा हाताने झाकत केला. महिनाभर बसवलेल्या त्याच्या हालचाली त्या एका रात्रीच्या घाईने गेल्या. तेव्हापासून रंगीत तालमीच्या चार दिवस आधी शेवटचा हात, हा नियम आमच्याकडे मोडलेला नाही.

ने-आण. लोकलमधून किंवा रस्त्यातून बंदूक उघडी नेऊ नये, खेळण्यासारखी वाटत असली तरीही. गर्दीत ती खोटी आहे हे कोणाला सांगत बसणार? चादरीत गुंडाळून, दोरीने बांधून, जमल्यास नळी आणि दस्ता वेगळे करून न्यावे. सोबत संस्थेचे पत्र आणि प्रयोगाची जाहिरात ठेवावी. रंगमंदिरातही ती विंगेत टेबलावर, ठरलेल्या जागी आणि एकाच माणसाच्या ताब्यात असावी. ग्राफाइट हाताला लागते आणि प्रत्येक प्रयोगात थोडे उतरते. म्हणून प्रॉपर्टीच्या पेटीत पूड आणि कापसाचा बोळा नेहमी असावा. तिसऱ्या घंटेआधी नळीवरून लांबीच्या दिशेने चार हात फिरवायचे, हात धुवायचे आणि बंदूक नटाच्या हाती द्यायची.